बॅटरीला बंद करायचं बटण नसतं

वाचकांचे प्रश्न : कामाच्या जागेची सुरक्षा

२०१७ च्या मे महिन्यात इलेक्ट्रिक टॅक्स्यांचा प्रयोग नागपुरात सुरू झाला, तेव्हा सगळं शहर त्या गाड्या बघायला रस्त्यावर थांबत होतं. त्यांच्या पोटातली बॅटरी कोण जोडतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. आता ती जोडणारी माणसं आपल्याच घरांतली आहेत, म्हणून यावेळची बहुतेक पत्रं याच कामाबद्दल आहेत. मी उमेदीची सगळी वर्षं हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. जे हाताळलं आणि तपासलं, त्यावरूनच उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. ई-रिक्षा आणि स्कूटरचे ४८ आणि ७२ व्होल्टचे लिथियम पॅक जोडतो. अकरा पोरं कामाला आहेत. एका विक्रेत्याने ‘ईव्ही सूट’ म्हणून एकच जाड डांगरी सगळ्यांना घ्या म्हटलं. घेऊ का? की ४८ व्होल्टला एवढं काही लागतच नाही? (लघुउद्योजक, हिंगणा रोड)

भाऊ, सगळ्यांना एकच डांगरी घेऊ नका. आणि ‘४८ व्होल्टला काही लागत नाही’ हेही डोक्यातून काढा. दोन्हीकडे धोका कुठून येतो ते बघितलेलं नाही.

साध्या मशीनवर काम करताना आपण मेन स्विच पाडतो, कुलूप लावतो, टेस्टर लावून बघतो आणि मगच हात घालतो. बॅटरीचं तसं करता येत नाही. सेल तुमच्या दारात येतो तोच थोडाफार चार्ज घेऊन. सोळा सेल एका रांगेत जोडले की पॅक जिवंत, आणि तो जिवंत असतानाच त्यावर पाना फिरवायचा.

विजेच्या गाड्यांच्या नियमांत डीसीचे ६० व्होल्ट ही रेघ मानतात. त्याच्या वर ‘हाय व्होल्टेज’. एलएफपीचे (लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे) सोळा सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.४ व्होल्ट देतात, म्हणजे तुमचा ४८ चा पॅक रेघेच्या जेमतेम आत. ७२ चा पॅक भरला की ८४ ते ८७ पर्यंत जातो, तो रेघेच्या पार पलीकडे. ही दोन कामं एकाच टेबलावर, एकाच हातमोज्यांनी होत असतील तर आधी ते वेगळं करा.

आणि ४८ च्या पॅकमध्ये शॉक बसला नाही तरी भाजतं. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला की हजार अँपिअरच्या घरातला करंट त्या लोखंडातून जातो. पाना लाल होतो, तांब्याचे वितळलेले थेंब तोंडावर उडतात. घरातल्या एसी विजेची ठिणगी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे विझायला तिला वाव असतो. डीसीला तो वाव नाही, ती ओढाल तशी लांबत जाते.

आता टेबलाप्रमाणे बघा. सेल निवडून होल्डरमध्ये बसवणाऱ्या पोराला जाड सूट कशाला हवा? त्याला सुती कपडे, बाजूनेही झाकणारा चष्मा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची धार लागू नये म्हणून कापरोधक हातमोजे पुरतात. स्पॉट वेल्डिंगवाल्याला चष्मा आणि पूर्ण बाहीचा आगरोधक शर्ट. लेझर वेल्डिंगचं मशीन घेणार असाल तर ते बंद पेटीतलंच घ्या. दार उघडून सेटिंग करणाऱ्याला त्याच लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा द्या. वेल्डिंगची काळी काच तिथे चालत नाही, आणि डोळ्याचा पडदा जळाला तर परत येत नाही.

बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटची, पाटी बसवणाऱ्याची गोष्ट उलटी आहे. तिथे माणसाच्या अंगातली स्थिर वीज पाटी मारते, म्हणून त्याला अंगातली वीज जमिनीत हळूहळू उतरवणारे बूट, तसाच कोट आणि मनगटाचा पट्टा लागतो. पण शेवटचे बसबार, म्हणजे वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, कसणाऱ्याला जमिनीपासून तोडणारी रबरी चटई आणि वीजरोधक बूट लागतात. एकाला वीज वाहून नेणारा बूट, दुसऱ्याला अडवणारा. विक्रेता दोघांना एकच जोड देत असेल तर त्याला यातलं कळत नाही असं समजा. एकच पोरगा दोन्ही कामं करत असेल तर मधे थांबून पट्टा काढणं आणि बूट बदलणं हे कामाच्या कागदावरच लिहा.

पैसा घालायचा तो शेवटच्या जोडणीवर आणि चाचणीवर घाला. तिथल्या दोघा-तिघांना आर्क-रेटेड (विजेच्या मोठ्या ठिणगीची, म्हणजे आर्कची, उष्णता अडवणारे) शर्ट-पँट, हनुवटीखालपर्यंत येणारी फेस शील्ड, वीजरोधक हातमोजे आणि १००० व्होल्टची खूण असलेले पाने. खूण म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन त्रिकोण. साध्या पान्याला टेप गुंडाळून मी काम होताना पाहिलं आहे. टेप घासून जाते आणि ती कुठे गेली हे कोणी बघत नाही.

हातमोज्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. कातडी हातमोजा वीज अडवत नाही. वीज अडवतो तो रबरी. कातडी हा रबराला ओरखडा पडू नये म्हणून वरून घालतात, आणि त्याची कड रबराच्या कडेपेक्षा निदान अर्धा इंच मागे असावी लागते. आत घामासाठी पातळ सुती मोजा. तुमच्या पॅकला ‘क्लास ००’ पुरे, डीसीला ७५० व्होल्टपर्यंत. तो पातळ असतो, नट बोटांना लागतो. शिक्का बघा : क्लास, चाचणीची तारीख, आणि दोन त्रिकोण. दर सहा महिन्यांनी विद्युत चाचणी करून घ्या.

आणि रोज सकाळी घालण्याआधी हवा भरून बघायची. मनगटाकडची कड दोन्ही हातांनी ताणून धरा, दोन-तीन वळ्या घाला. हवा आत कोंडते आणि बोटं टम्म फुगतात. मग गालाजवळ आणा. बारीक भोक असेल तर गालाला गार लागतं, कानाला ‘सूं’ ऐकू येतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या खाचेत जास्त बघा, तडे तिथेच पडतात. भोक सापडलं तर तो हातमोजा तिथल्या तिथे कात्रीने कापून टाका. कोपऱ्यात फेकलेला हातमोजा दुसरा कोणी उचलतो. आणि स्कूटरच्या डिक्कीत कधीच ठेवू नका, नागपूरच्या मे महिन्यात डिक्कीत रबर सडतं.

कपड्याच्याही आधीची एक गोष्ट. मोठा पॅक ६० व्होल्टच्या आतल्या तुकड्यांत जोडा, प्रत्येक तुकड्याच्या टर्मिनलवर प्लास्टिकची टोपी ठेवा आणि तुकडे एकमेकांना जोडणं सगळ्यात शेवटी ठेवा. धोका दिवसभर पसरण्याऐवजी शेवटच्या काही मिनिटांवर येतो, आणि मग महागडे कपडेही दोघा-तिघांनाच लागतात.

सेल फुगला, शिसकारी मारायला लागला, धूर आला, तर मात्र कुठलाच कामाचा कपडा उपयोगाचा नाही. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो. तेव्हा दाराकडेच पळायचं, म्हणून दारासमोर खोके रचू नका. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आपल्याच शहरात आहे. तिथे शिकलेला कोणी अधिकारी ओळखीत असेल तर एकदा युनिटवर बोलवा आणि पोरांना पळून दाखवायला सांगा.

प्रश्न : माझी मुलगी डिप्लोमा करून चाकणला इलेक्ट्रिक बसच्या कारखान्यात लागली. तिचं नुकतंच लग्न झालं आहे. कारखान्यात मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं काढायला लावतात. घरच्यांना ते बरं वाटत नाही. खरंच इतकं गरजेचं आहे का? (एक आई, महाल)

ताई, खरंच गरजेचं आहे, आणि तिच्या साहेबांनी ते पाळलं याचा मला आनंद झाला. बसच्या पॅकचा व्होल्टेज सहाशेच्या आसपास असतो. त्याच्यावर वाकलेल्या मुलीच्या गळ्यात लोंबणारी साखळी म्हणजे उघडी तार आहे. सोनं तांब्याच्या खालोखाल वीज वाहून नेतं.

एका कारखान्यात, ट्रकच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर, अंगठी आणि पाना मिळून शॉर्ट झालेलं मी पाहिलं आहे. त्या माणसाला शॉक लागला नाही. अंगठी तापली आणि बोटाभोवती गोल भाजलं. सुजलेल्या बोटातून अंगठी निघेना, कापून काढावी लागली. तिथे आजही पांढरट कडं दिसतं. बारा व्होल्टला हे झालं.

घरच्यांना सांगा की मंगळसूत्र घरच्या देव्हाऱ्यात राहू द्या, घरी आल्यावर घालू द्या. काही मुली काळ्या मण्यांची सुती दोऱ्यात ओवलेली पोत घालतात, त्यात धातूची वाटी किंवा तार नसेल तर ती शर्टच्या आत, गळ्याबरोबर बसणारी चालू शकते. पण तिच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून. आणि जोडवी बुटाच्या आत असली तरी काढू द्या, सेफ्टी शूजच्या घट्ट टोपीत ती रुततात.

तुम्ही विचारलं नाही, पण आतले कपडे महत्त्वाचे आहेत. वरचा शर्ट कितीही भारी असू दे, आत नायलॉनची स्लिप किंवा पॉलिस्टरचं टी-शर्ट असेल तर उष्णता आत पोचते आणि पॉलिस्टर अडीचशे अंशांच्या सुमारास वितळून कातडीला चिकटतं. आतलं सगळं सुती असू द्या. केसांचा अंबाडा, प्लास्टिकच्या क्लिपने, धातूच्या आकड्याने नाही.

आणखी एक. हातमोजे बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या मापाचे, नऊ-दहा नंबरचे मागवतात. मुलींना सात किंवा आठ लागतो. ढिल्या रबरी हातमोज्यात नट हाताला लागत नाही, म्हणून त्या ‘एवढ्यापुरता’ काढून ठेवतात, आणि घात तेव्हाच होतो. तिला सांगा की आपलं माप मागून घे, लाजू नको. सहाशे व्होल्टवर तिला ‘क्लास ०’ चा हातमोजा हवा, डीसीला १५०० व्होल्टपर्यंतचा.

प्रश्न : बुटीबोरीत लाइन सुपरवायझर आहे. एप्रिलपासून जूनपर्यंत पोरं बाह्या वर करतात, गळ्याची बटणं उघडतात, फेस शील्ड कपाळावर. दंड करून झाला, समजावून झालं. काय करू? (बुटीबोरी)

दादा, पंचेचाळीस अंशात पत्र्याखाली उभं राहून जाड डांगरी घालायची, हे सांगणारा माणूस कूलरच्या खोलीत बसत असेल तर कोण ऐकेल? दंड बंद करा. पोरं बाह्या वर करत असतील तर कपडा निवडताना चुकलं आहे, असं धरून सुरुवात करा.

आधी कपड्याची चिठ्ठी बघा. आर्कसाठीच्या कपड्यावर आयईसी ६१४८२-२ हा क्रमांक आणि कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर असा आकडा असतो. उघड्या कातडीला फोड यायला १.२ कॅलरी पुरतात, तिथून हिशेब सुरू होतो. लोक घाबरून ४० कॅलरीचा थरांचा सूट घेतात, तो मे महिन्यात पाऊण तासही अंगावर ठेवता येत नाही. तुमच्या पॅकचा व्होल्टेज, शॉर्ट झाल्यावरचा करंट आणि माणसाचं तोंड किती अंतरावर असतं, यावरून इंजिनिअरकडून आकडा काढून घ्या. तो ८ च्या आत आला, तर चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅमच्या कापडातही ते मानांकन मिळतं. मोडॅक्रिलिक आणि सुती मिश्रणाचं कापड घाम चांगला सोडतं. डांगरीऐवजी शर्ट-पँट घ्या, पोटापाशी हवा खेळते आणि लघवीला जाताना अर्धे कपडे उतरवावे लागत नाहीत. हे शेवटचं कारण कोणी बोलून दाखवत नाही, पण त्यामुळेच पोरं पाणी कमी पितात.

शर्ट एक माप मोठा द्या. अंग आणि कापडामधली हवाही उष्णता अडवते, आणि गारही वाटतं. बाही वर केली की मात्र सगळं मानांकन कोपरापाशी संपलं, हे एकदा जुन्या कपड्याचा तुकडा पेटवून त्यांना दाखवा. भाषणापेक्षा ते लक्षात राहतं.

जिवंत पॅकवरचं काम सकाळी सहा ते दहात बसवा. दुपारी खोकी भरणं, तपासणी, कागद. हातमोज्याच्या आतले सुती मोजे माणशी तीन जोड द्या, घामाने भिजले की बदलायला. आणि ताकाचा माठ लाइनच्या बाहेर पण दिसेल असा ठेवा.

प्रश्न : ठेकेदार सेफ्टी शूज आणि हातमोज्यांचे पैसे पगारातून कापतो. बरोबर आहे का? (वाडी)

नाही. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ११४ नुसार अशा साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नव्हते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी काम कारखान्यात चाललं आहे. पगाराची पावती जपून ठेवा, चौघांनी मिळून आधी कारखान्याच्या व्यवस्थापनाला लेखी द्या, मग औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात. आणि बूट घेताना आयएसआयची खूण आणि आयएस १५२९८ हा क्रमांक बघा. बॅटरीच्या कामाला पोलादी टोपीपेक्षा कॉम्पोझिट टोपीचे बूट बरे.

प्रश्न : नवऱ्याला कंपनीने आगरोधक शर्ट दिले. मी बाकीच्या कपड्यांबरोबर धुते, कडक राहावे म्हणून स्टार्च करते, डागांना ब्लीच लावते. शेजारीण म्हणाली असं करू नये. शिवाय दीर शिशाच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात जातात, त्यांचेही कपडे मीच धुते. (मानेवाडा)

शेजारणीचं ऐका. स्टार्च म्हणजे पीठच, ते जळतं. आगरोधक शर्टावर जळणारा थर चढवला तर शर्टाचा उपयोग काय? ब्लीचने कापडावरची आगरोधक प्रक्रिया उतरते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्यही नको.

पाण्याचंही बघा. मानेवाड्याकडे बऱ्याच घरांत बोअरचं जड पाणी आहे. बादलीच्या काठावर जसा पांढरा थर बसतो तसाच तो कापडावर बसतो, आणि साबणाची वडी वापरली तर चुन्याबरोबर साबणाचा चिकट थरही बसतो, तोही जळतो. म्हणून वडी नको, डिटर्जंट पावडर घ्या, नळाच्या पाण्यात धुवा आणि दोनदा खळखळून काढा. उलटा करून वाळवा, सावलीत. फाटला तर साध्या पॉलिस्टरच्या दोऱ्याने रफू करू नका, कंपनीला परत द्या.

दीरांच्या कपड्यांबद्दल मला खरी काळजी वाटते. शिशाची धूळ कपड्यांतून, केसांतून, बुटांतून घरी येते आणि रांगणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. ते कपडे घरी यायलाच नकोत. कारखान्यातच बदलायचे, अंघोळ करून निघायचं, धुणं कारखान्याने करायचं. तशी सोय होईपर्यंत कपडे बंद पिशवीत आणा, झटकू नका, वेगळे धुवा, ते पाणी अंगणात सोडू नका. घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात दाखवून रक्तातलं शिसं कुठे तपासून मिळेल ते विचारा. माझं हे म्हणणं दिरांना वाचून दाखवा, भांडू नका, त्यांचा दोष नाही.

प्रश्न : केमिस्ट्रीत बीएस्सी झाले. २०२४ मध्ये बुटीबोरीसाठी लिथियम बॅटरीचा मोठा प्रकल्प जाहीर झाला, त्यामुळे या क्षेत्रात जायचं ठरवलं. सध्या बाहेरच्या राज्यात सेल बनवणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं आहे. रुजू होताना काय विचारू? (प्रतापनगर)

बाळा, जरूर जा. पण पॅक जोडणं आणि सेल बनवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॅकमध्ये विजेचा धोका मोठा, सेलमध्ये रसायनांचा.

कॅथोडची, म्हणजे सेलच्या धन बाजूची, पूड कुठली, ते विचार. निकेल-कोबाल्टची असेल तर ती श्वासात जाणं वाईट, कातडीलाही बाधते. तुला खोट्या झुमक्यांनी कानाला पुरळ येतं का? ती बहुतेक निकेलची ॲलर्जी असते. येत असेल तर वैद्यकीय तपासणीत लपवू नकोस, आणि पूड मिसळण्याच्या विभागापासून दूर राहा. तिथे कापडी मास्क चालत नाही, चेहऱ्याला नीट बसणारा, बसतो की नाही हे तपासून दिलेला श्वसनमास्क लागतो.

ती पूड बहुतेक ठिकाणी एनएमपी नावाच्या द्रावकात कालवतात. तो कातडीतून सरळ आत जातो आणि गर्भाला घातक मानला जातो. युरोपात २०२० पासून त्याच्या वापरावर बंधनं आहेत. प्रयोगशाळेत आपण वापरतो ते पातळ निळे नायट्रिलचे हातमोजे त्याला थोडाच वेळ अडवतात. ब्युटाइल रबराचे लागतात. रुजू होताना ‘एनएमपीला कुठले हातमोजे देता?’ एवढं विचार, समोरच्याला काम कळतं की नाही ते उत्तरावरून कळेल. पुढे दिवस राहिले तर पहिल्या आठवड्यातच सांगून विभाग बदलून घे.

ज्या खोलीत सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट (आतला द्रव) भरतात तिथली हवा फार कोरडी ठेवतात, दवबिंदू उणे ४० अंश किंवा त्याहून खाली. आपल्या मे महिन्याची हवा त्यापुढे दमट वाटेल. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, कॉन्टॅक्ट लेन्स लावू नकोस. तिथला अंगभर सूट तुझ्यासाठी कमी आणि सेलसाठी जास्त असतो, आपल्या घामाचा ओलावा सेलपर्यंत जाऊ नये म्हणून. तो रसायनापासून वाचवतो असं धरून चालू नकोस, उडणाऱ्या द्रवासाठी वेगळा एप्रन, वेगळे हातमोजे आणि बंद गॉगल मागून घे.

इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं क्षार पाण्याशी भिडलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते कातडीवर पडल्याचं कधी कधी लगेच कळत नाही, दुखणं काही तासांनी सुरू होतं आणि तोवर ते आत हाडाकडे गेलेलं असतं. भरपूर पाण्याने धुऊन अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळायचं आणि दुखत नसलं तरी दवाखान्यात जायचं. ती ट्यूब कुठल्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप असतं का आणि किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी बघून घे.